उलटा ठेका

जाफराबाद तालुक्यात बेबीनंदाची गायन पार्टी ठाऊक न्हाई असं गाव न्हाई. गळा माझा, ढोलकी धाकट्या भावाची, मिथुनची. अन् त्याची पोरगी प्रीती मलाच गाणं शिकवायला निघाली! माझं डोस्कंच फिरलं.

पोरगी संभाजीनगरला कॉलेजात शिकती. तिथं संगं शिकणाऱ्या एका आफ्रिकेच्या पोरीनं तिला हे गाणं दिल्तं. मोबाइल माझ्या कानाशी धरून म्हणली, "आत्या, हे तिकडचं रेगे संगीत. ऐक."

"अगं बाई, केवढं हळू! झोप लागली का गाणाऱ्याला?"

ठेकाबी उलटा. आपण थाप मारतो तिथं तो गप्प, आपण गप्प तिथं वाजून राह्यला. भाषा तर बिलकुल कळंना.

"तो मंत्र्याचं नाव घेऊन इचारतोय," प्रीती म्हणली, "आमच्या शाळा कागदावरच का राह्यल्या? ह्या गाण्यापायी त्याला देश सोडावा लागला. तरी गातोयच."

मी परत लावायला लावलं. मंग परत. अंगावर काटा आला, अन् सोताचा रागबी आला. आम्ही जुन्या अन्यायावर गळा फाडतो, अन् आमच्याच वस्तीतली टाकी बांधल्यापासून कोरडी! बाया हंडे घेऊन रानातल्या विहिरीवर जातात. सरपंच भुजंगराव मातर दर जयंतीला स्टेजवर येणार, बक्षीस देणार. बक्षीस आलं की गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव घ्यायचं, मंग ढोलकी कडकडवायची, ही आमची रीत.

"औंदा टाकीचं गाणं," मी म्हणलं. "ह्याच ठेक्यात."

मिथुन भडकला. "अक्का, येडी झाली का? पुन्हा स्टेज भेटायचं न्हाई."

"नको भेटू दे. पाणी तर भेटंल."

रोज तालीम. पण मिथुनचा हात! रिकामी जागा आली की थाप पडलीच.

"अरे, गप्प ऱ्हाय तिथं!"

"हाताला सवय न्हाई, अक्का."

कसली सवय अन् कसलं काय. भ्याला होता तो, मला बराबर कळत होतं.

जयंतीला मैदान भरलं. मी सुरू केलं, "टाकीला पाणी कधी?" मिथुननं रिकाम्या जागी थाप मारलीच. दुसऱ्या कडव्याला भुजंगराव हसत-हसत जल्दी स्टेजवर चढले अन् नोट पुढं केली. बक्षीस आलं की गाणं थांबतं, हे त्यांनाबी ठाऊक होतं.

मी थांबले.

"सरपंच भुजंगराव यांच्याकडून बक्षीस. घ्या सरपंच, नाव घेतलं. आता सांगा, टाकीला पाणी कधी?"

आता ढोलकी कडकडायची. मी मागं पाह्यलं. मिथुनचे दोन्ही हात मांडीवर होते. ती जागा त्यानं रिकामीच सोडली.

मंग बायांतून आवाज आला, "कधी?" मंग सगळ्याच बाया म्हणल्या.

"महिन्यात," भुजंगराव पुटपुटले.

"माइकवर सांगा."

त्यांनी सांगितलं. नोट हातातच राह्यली होती.

"ती ठेवा खिशात," मी म्हणलं. "महिन्यात पाणी न्हाई आलं, तर हेच गाणं तुमच्या दारात. मिथुन, धर ठेका."

त्यानं धरला. उलटा, अन् एकदम बराबर.