मधली तीन वर्षं

बाईंनी अर्जाचा कागद दिव्याखाली धरला आणि बोट नेमकं कोऱ्या जागेवर टेकवलं.

"ही मधली तीन वर्षं कुठे गेली?"

समोरचा माणूस चाळिशीचा. आधी एका मोठ्या दुकानात चष्मे बसवायचा, आता बाईंच्या लहानशा दुकानात तेच काम मागायला आला होता. इस्त्रीचा शर्ट त्याला सैल झाला होता.

गल्ली बाईंना पाठीमागे 'चौकशीखिडकी' म्हणायची. गिऱ्हाईक काच बदलायला यायचं आणि घरातली सगळी कुलंगडी सांगून जायचं. पण आजचा प्रश्न नुसत्या उत्सुकतेचा नव्हता. मागचे दोन कारागीर "उद्या येतो" म्हणून गेले ते गेलेच. मध्येच उठून जाणारा माणूस आता ठेवायचा नाही, असं बाईंनी स्वतःला बजावलं होतं.

"स्वतःचा व्यवसाय होता," तो पाठ केल्यासारखं म्हणाला.

"कसला?"

"मोबाइलच्या कव्हरांचा."

"अरे वा! दुकान कुठे होतं?"

"दुकान नव्हतं. घरूनच."

"कुठली जास्त खपायची?"

"काळी."

"मग बंद का केलात?"

"खप कमी झाला."

"काळ्यांचा?"

तो जमिनीकडे बघू लागला. बाईंना त्याची कीव आली आणि रागही आला. खोटं बोलावं एक वेळ, पण निदान घरून तयारी तरी करून यावं! नाही म्हणायचं त्यांनी जवळपास ठरवलंच होतं. पण आलाच आहे तर हात तरी पाहू, म्हणून त्यांनी एक नवी फ्रेम पुढे सरकवली.

"ही मला बसवून दाखवा."

माणूस उठला तो वेगळाच होऊन. काड्या गार लागू नयेत म्हणून त्याने त्या आधी तळहातात धरून ठेवल्या. बाईंच्या कानावरचे केस बोटाने मागे सारले. हनुवटीला खालून दोन बोटं लावली.

"मान जरा वर. हं, शाब्बास."

चष्मा नाकावर असा बसला की बसल्याचं कळलंही नाही. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि बाईंच्या ओठांचा कोपरा हळूच टिपला.

दोघंही थिजले. बाईंचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. ते कुणी पुसून दिल्याला पन्नास वर्षं तरी उलटली असतील.

"माफ करा," तो कसाबसा म्हणाला. "हात आपोआप गेला."

बाई नव्या चष्म्यातून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आई की वडील?"

तो खुर्चीत बसला. "वडील. एक बाजू लुळी पडलीय. मेहुणे म्हणाले, घरी बसलो होतो असं सांगितलंस तर कुत्रंही विचारणार नाही."

"आणि कव्हरं?"

"एकही विकलं नाही."

बाईंना हसू फुटलं, पण ते लगेच विरलं. खरा प्रश्न अजून उरला होता, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट विचारायची भीती वाटत होती.

"आता कसे आहेत?"

"तसेच. सकाळी बहीण येते, दिवसा शेजारच्या काकू बघतात. पण एक वाजता जेवण मलाच भरवावं लागतं. दुसऱ्या कुणाच्या हातून तोंडच उघडत नाहीत. घर जवळ आहे, तासाभरात परत येईन." तो थांबला. मग स्वतःच पिशवी उचलून उठला. "आधीच सांगायला हवं होतं. तुम्हाला पूर्ण वेळ माणूस हवा आहे."

बाई दाराकडे गेल्या, तिथली पाटी उतरवून घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. 'दुपारी दोन ते तीन बंद.' बाईंच्या जेवणाची ही वेळ अख्ख्या गल्लीला पाठ होती. खणातून त्यांनी रंगाची बाटली आणि ब्रश काढला.

"अक्षर कसं आहे तुमचं?"

"बरं आहे."

"मग हे खोडा आणि एक ते दोन करा," बाई म्हणाल्या. "हल्ली मला भूक लवकर लागते."