ओरडायचं नाही

सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईला तिची नणंद ‘सुई’ म्हणायची. एक तर ती अंगाने बारीक, आणि दुसरं म्हणजे एकदा टोचायला लागली की आरपार गेल्याशिवाय थांबायची नाही. तिचं शिलाई मशीन फर्निचरच्या कारखान्यात लाकूड कापायच्या करवतीशेजारी होतं. त्या कलकलाटात वर्षं काढून तिचे दोन्ही कान अधू झाले होते. श्रवणयंत्रं लावल्याशिवाय तिला समोरच्याचं बोलणंही धड ऐकू येत नसे.

नणंदेचं उलटं. ती तरण तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची, आणि तिचा आवाज असा की ती या टोकाला ओरडली तर त्या टोकाचा माणूस दचकून पाणी प्यायचा. सुट्टी मिळाली की ती मैत्रिणीबरोबर डोंगरात चालायला जाई. या वेळी पाच दिवसांची वाट ठरली होती. सतत पाऊस, ओलं जंगल, पायाखाली चिखल, मध्ये गाव नाही की दुकान नाही, आणि ओढ्यांवर पूल नाहीत. ऐन वेळी मैत्रिणीची बदली दुसऱ्या शहरात झाली.

“मी येते,” सुई म्हणाली.

तिचा नवरा जेवता जेवता थांबला. “कुठे?”

“ताईंबरोबर. डोंगरात.”

“अगं, तिकडे काही झालं तर तुला हाक कशी ऐकू येणार?”

“तुमची हाक मला इथे तरी कुठे ऐकू येते? संसार झालाच की!”

नणंदेला हसू आवरेना. “येऊ दे रे बाळ्या तिला,” ती धाकट्या भावाला म्हणाली. “पण सुई, तयारी पुरी करायची. अर्धवट काम मला चालत नाही.”

तयारी सुरू झाली. नवे बूट पायात मुरावेत म्हणून सुई ते घालूनच कामाला जायची आणि त्याच जड बुटांनी मशीनचं पायडल दाबायची. सॅकमध्ये कारखान्यातल्या कापडाच्या चिंध्या भिजवून भरायची आणि इमारतीचे जिने चढायची, उतरायची. पाणी गळून पायऱ्या ओल्या व्हायच्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तोंड वाकडं केलं, तेव्हा नवराच म्हणाला, “काय करणार? एक ना धड, भाराभर चिंध्या. ही म्हण आमच्याकडे आता रोज जिना चढते.” पण दुसऱ्या दिवशी फडकं घेऊन पायऱ्या तोच पुसत होता.

स्वयंपाकघरात वाटेतल्या जेवणासाठी शिजवलेली डाळ आणि भाज्या ओव्हनच्या मंद आचेवर वाळत होत्या. नणंदेने बजावलं होतं, “पाय कोरडे ठेवायचा नादच सोड. चालताना ते भिजणारच. झोपायचे कपडे आणि मोजे मात्र जिवापाड जपायचे.” सुईने त्यांच्यासाठी मेणकापडाच्या पिशव्या शिवल्या, शिवणीवर चिकटपट्टी बसवली आणि पिशव्या बादलीत बुडवून पाहिल्या. कानातल्या यंत्रांसाठी घट्ट झाकणाची बरणी घेतली. ओल लागली की ती बंद पडायची, म्हणून पाऊस असेल तेव्हा ती बरणीत आणि सुई ठार बहिरी, असा हिशेब होता. हा हिशेब दोघींनी तोंडी केला होता, अजून अनुभवला नव्हता.

तो अनुभव शहराबाहेरच्या टेकडीवर आला. धो धो पावसात दोघी पूर्ण ओझं घेऊन निघाल्या. ओढ्यापाशी नणंद काठीने तळ चाचपत दोन पावलं पुढे गेली. तिला एक मोठा दगड डुगडुगताना दिसला आणि ती ओरडली, “थांब!” सुई खाली मान घालून नेमकी त्याच दगडावर पाय देत होती. दगड फिरला. ती कमरेपर्यंत पाण्यात गेली, आणि ओझ्याने तिला उताणं ओढलं. नणंदेने झेप घेऊन तिच्या सॅकचा पट्टा धरला, म्हणून निभावलं.

घरी आल्यावर नणंदेने चहाचा कप बाजूला सारला. “मी तुला नेणार नाही,” ती म्हणाली. “घसा फुटेस्तोवर ओरडले मी.”

सुईने यंत्रं पुन्हा कानांत घातली होती. “ताई, मला ऐकू येणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मग ओरडलात कशाला?”

“मग काय करायला हवं होतं?”



“विषय संपला,” नवरा म्हणाला.

“तुमच्यापुरता,” ती म्हणाली आणि ओले बूट वर्तमानपत्र कोंबून वाळत ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती थेट तरण तलावावर गेली. तलावात मध्यमवयाचे तिघे-चौघे रबरी टोप्या घालून हातपाय मारत होते. नणंद काठावरून चालत होती. एका बाईचं डोकं वर येताच तिने कोपर उंच धरून दाखवलं. एका गृहस्थांना तळहात खाली दाबून ‘सावकाश’ म्हणून सांगितलं. दमलेल्या एकाला नुसत्या बोटाने काठ दाखवला. सुई बाकावर बसून बघत राहिली. वर्ग सुटला तशी ती उठली.

“ताई, ह्यांना पाण्यात ऐकू येतं?”

“कसं येईल? टोप्या असतात, कानांत पाणी असतं.”

“मग ह्यांना कसं शिकवता?”

नणंदेने ‘असं’ म्हणून कोपर उंच धरलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहून म्हणाली, “टोचलंस खरं.”

त्यानंतर तलावाच्या त्याच काठावर खुणा ठरल्या. हात वर म्हणजे थांब. तळहात खाली म्हणजे सावकाश. छातीपाशी हातांची फुली म्हणजे नाही. नणंदेने पुढे चालायचं आणि प्रत्येक वळणावर मागे वळून बघायचं. सुईला काही सांगायचं असेल तर तिने शिट्टी वाजवायची, कारण नणंदेचे कान शाबूत होते. समोरचं माणूस दिसणार नाही इतकं धुकं आलं तर चालायचंच नाही. आणि पाण्यापाशी दोघींपैकी एकीनेही फुली केली, तर ती दुसरीने मानायची.

“माझीसुद्धा?” सुईने विचारलं.

“तुझीसुद्धा,” नणंद म्हणाली. पण जरा उशिराने.

पुढच्या खेपेला टेकडीवर पाऊस आधीपेक्षा जोरात होता. नणंद सवयीने दोन-तीनदा ओरडली, मग स्वतःवरच चिडून मागे वळली आणि हात केला. ओढा गढूळ होऊन वाहत होता. नणंदेने काठी टेकवली, तळ पाहिला, पाऊल टाकायला सज्ज झाली. सुईला पाण्यातून काटक्या आणि पानांचे पुंजके वाहत येताना दिसत होते. ते वाढत होते, म्हणजे पाणी चढत होतं. तिने शिट्टी फुंकली आणि हातांची फुली केली.

नणंद वळली. तिचे ओठ भराभर हलू लागले. पाण्यात जन्म गेलाय माझा, असंच काहीसं असणार. सुईला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. थंडीने तिचे दात वाजत होते, आणि तिला वाटत होतं की आता ह्या रागावतील आणि सगळंच मोडेल. पण तिने हात खाली घेतले नाहीत.

थोड्या वेळाने नणंदेचे ओठ थांबले. काठी पाण्यातून काढून ती परत फिरली, सॅक उतरवली आणि तंबूच्या काठ्या जोडू लागली. वाऱ्यात कापड हातातून सुटत होतं. दोघींनी गुडघ्यांखाली दाबून ते ताणलं. आत बसून स्टोव्हवर चहा केला. पाऊस ओसरल्यावर ओढा उतरला आणि त्या सहज पार झाल्या. आधी गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. नणंदेने तो विषय काढलाही नाही. टेकडी उतरल्यावर, सुईने यंत्रं कानांत घातल्याची खात्री करून ती म्हणाली, “निघायचं आपण. तारीख तीच.”

ठरल्या दिवशी नवऱ्याने दोघींना गाडीने डोंगराच्या पायथ्याशी, जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे, सोडलं. पाऊस लागलेलाच होता. सुईने यंत्रं बरणीत ठेवली, झाकण आवळलं आणि सॅक पाठीवर चढवली. नवऱ्याने सॅकवरचं कव्हर दोन बाजूंनी ओढून नीट केलं, तिच्यासमोर उभा राहून काहीतरी बोलला आणि गाडीकडे वळला.

“काय म्हणाले?” तिने विचारलं.

नणंदेने तोंड तिच्याकडे करून सावकाश शब्द उच्चारले. “जपून जा म्हणाला.”

“एवढंच? ओठ तर बराच वेळ हलत होते.”

नणंदेने खांदे उडवले. मागे गाडी अजून तिथेच उभी होती. काचेवरचे वायपर इकडून तिकडे फिरत होते. समोर झाडांमध्ये शिरणारी पायवाट पाण्याने भरून गेली होती. सुईने पहिलं पाऊल मुद्दाम त्या पाण्याच्या मधोमध टाकलं. बुटात गार पाणी शिरलं, मोजे भिजले. एकदाचं ते झालं, आता पाय कोरडे ठेवायची काळजी नाही, म्हणून तिला बरं वाटलं. तिने काठी पुढे टाकली आणि नणंदेच्या मागे चढायला लागली.