नेव्हिओची जागा
शेपर्टनच्या फळांच्या शेडमध्ये नेव्हिओ आणि मी एकोणीस वर्षं शेजारी उभं राहून नासपती निवडल्या. देठाजवळ जरासं दाबून फळ किती दिवस टिकेल ते तो सांगायचा, आणि चुकायचा नाही. तो बासष्टचा, मी पन्नाशीची.

गेल्या उन्हाळ्यात प्रत्येक पेटीची नोंद स्क्रीनवर करायची पद्धत आली. अक्षरं मुंगीएवढी. नेव्हिओचं बोट भलतीकडेच पडायचं आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. मग तो हळूच माझ्याकडे बघायचा, मी हात लांबवून नोंद करून टाकायचे. कुणाला पत्ता नव्हता.

फेब्रुवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका दुपारी शेडचा पत्रा नुसता भाजत होता. माझी कंबर धरली होती. त्यानं परत हाक मारली, "ग्लेनिस, हे पुन्हा गेलं बघ."

"अरे, तुझं काम मी किती दिवस करायचं?" मी ओरडलेच.

मागे आमची नवी मॅनेजर कर्स्टी उभी होती. मी तिला पाहिलंच नव्हतं.

हंगाम संपल्यावर पुढच्या वर्षी कामाला येणार का, असं सगळ्यांना विचारलं, नेव्हिओला नाही. मी कर्स्टीला गाठलं. "त्याच्यासारखी फळाची पारख दुसऱ्या कुणाला आहे?"

"पण त्याचं काम तू करतेस, असं तूच म्हणालीस ना?"

मी परत फिरले.

हिवाळाभर तो हिंडला. रोपवाटिकेत म्हणाले, "एवढा अनुभव! इथे कंटाळाल." हार्डवेअरच्या दुकानात म्हणाले, "कळवतो." काम मिळवून देणाऱ्या ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं, अर्जातली जुनी वर्षं गाळून टाका.

"मग उरलं काय? नाव आणि पत्ता!" तो मला म्हणाला.

एका रविवारी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून एक अर्ज भरत होतो. जन्मसालाची यादी मी खाली सरकवत होते.

"अजून खाली. अजून. जा गं, डायनासोरपर्यंत जा!"

आम्ही दोघंही हसलो. तेवढ्यात धीर करून मी म्हटलं, "नेव्हिओ, त्या दिवशी मी…"

"खोटं कुठे बोललीस?" त्यानं कॉफी संपवली. "तो खालचा रकाना राहिलाय बघ."

त्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या अर्जाचं उत्तर आलंच नाही. सप्टेंबरात भाड्याचं घर सोडून तो बेंडिगोला मुलीकडे गेला. "तिला पोरं सांभाळायला माणूस हवंच होतं," असं तो ज्याला त्याला सांगत होता.

नाताळात मी फोन केला. काम शोधतोस का, असं विचारलं.

"सोडलं ते," तो म्हणाला. "सारखं 'नाही' ऐकून माणूस स्वतःच 'नाही' म्हणायला लागतो."

मला माफी मागायची होती. पलीकडे नातवंडं भांडत होती. "थांब हं, आलोच," म्हणून त्यानं फोन बाजूला ठेवला. मी बराच वेळ कानाला लावून थांबले. बहुतेक तो विसरला.