पाहणीच्या दिवशीचा चहा

मी किटली. गॅसवर ठेवायची, शिट्टीवाली. एरवी पाणी उकळल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. पण आज पोटात थेंबभर पाणी नसताना बोलतेय, तेव्हा जरा ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला फक्त खोक्यातला अंधार आठवतो. एका नाताळात कॅरोलनं मला आपल्या आईकडे पाठवलं आणि इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात चढावरच्या, एनिड ग्रीनवुडबाईंच्या दगडी घरात मी नवी नवरी होऊन आले. सासूबाई आधीपासून हजर होत्याच. तपकिरी, पोटाळलेली चहादाणी. अंगात विणलेलं लोकरीचं झबलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "चकचकीत आहे." बस, एवढंच. बाकीचं नव्या सुनेला न सांगता कळतं.

घराची रीत मी गप्प राहून शिकले. पाणी ताजंच हवं. चहादाणी आधी गरम पाण्यानं विसळायची. पाहुणा कोट काढायच्या आत मला गॅसवर चढवायचं, मग तो कुणाच्या मरणाची बातमी घेऊन आलेला असो नाहीतर मीटर बघायला. चहा घरच्या बाईनंच ओतायचा. पाहुण्यानं चहादाणीला हात लावणं म्हणजे तिच्या कपाटात हात घालणं. आणि कुणी "कशा आहात?" विचारलं, तर उत्तर एकच: "तक्रार नाही."

एनिडबाई जिन्यावरून पडल्या तेव्हा रुग्णवाहिकेतल्या माणसालाही त्यांनी हेच सांगितलं. आडव्या पडल्या पडल्या.

बोटं संधिवातानं आधीच वाकली होती, त्यात मनगट गेलं. मग शेजारच्या म्यूरियलबाई रोज सकाळी यायच्या, मला उकळायच्या, थर्मास भरायच्या, एनिडबाईंची बटणं लावून द्यायच्या. त्यांच्याही गुडघ्यांचं काही खरं नव्हतं. दोन्ही घरांत भिंत एकच. म्यूरियलबाई भिंतीवर ठोकायच्या म्हणजे "उठलीस का", आणि एनिडबाई काठीनं ठोकायच्या म्हणजे "उठले".

कॅरोलनं फोनवर सांगून टाकलं. एकतर रोज मदतीला माणूस ठेव, नाहीतर माझ्या गावातल्या वृद्धाश्रमात चल. तिथल्या खिडकीतून समुद्र दिसतो.

"समुद्राचं काय लोणचं घालू?" एनिडबाई म्यूरियलबाईंना म्हणाल्या. "तो भिंतीवर ठोकून विचारणार आहे का, उठलीस का म्हणून?"

पण पदरचं देऊन माणूस ठेवणं त्यांच्या पेन्शनीत बसत नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी नगरपालिकेची बाई घरी येते. अंघोळ, कपडे, स्वयंपाक यातलं काय जमतं, काय जमत नाही ते बघते, आणि त्यावरून मदतीसाठी निधी ठरतो. तो आपल्या नावावर; त्यातून आपल्याला पटेल तो माणूस आपण ठेवायचा. म्हणजे या पाहणीत जे जमत नाही तेच दाखवायचं असतं. साधी गोष्ट. मला किटलीला कळली.

एनिडबाईंनी मात्र केस सेट करून घेतले. पडदे धुवून घेतले. काठी कपाटामागे गेली. रात्रीपुरती खाली आणून ठेवलेली शौचाची खुर्ची होती, तिच्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ आला आणि त्यावर फर्नची कुंडी. हे सगळं अर्थात म्यूरियलबाईंच्या हातून.

"अगं, ती तुला काय जमत नाही ते बघायला येतेय," म्यूरियलबाई कुंडी उचलता उचलता करवादल्या. "तुझं चाललंय जसं राजघराणं चहाला येतंय."

"पसारा बघून ती काय म्हणेल?"

"म्हणेल, हिला मदत हवी."

"तेच मला ऐकायचं नाही."

चहाची रंगीत तालीमही झाली. मला दोन कप पाण्यासकट उचलायचा प्रयत्न एनिडबाईंनी दोन्ही हातांनी केला, आणि पाणी मांजराच्या अंगावर गेलं. गार होतं, म्हणून मांजर वाचलं. मग ठरलं की शिट्टी ऐकली की म्यूरियलबाईंनी साखर मागायला आल्यासारखं यायचं आणि सहज चहा ओतून जायचं.

पाहणीला आल्या त्या नसरीनबाई. आवाज मऊ, बूट ओले. एनिडबाईंनी गॅस लावला, तेवढं जमायचं. प्रश्न सुरू झाले.

अंघोळ? तक्रार नाही. जिना? एकेक पायरी चढते, सगळेच तसे चढतात. स्वयंपाक? भूकच फारशी नसते. प्रत्येक उत्तरावर घट्ट झाकण. नसरीनबाईंची पेन्सिल नुसती बोटांत फिरत होती, आणि मला तापता तापता समुद्र दिसायला लागला.

मग मी शिट्टी दिली.

म्यूरियलबाई आल्या नाहीत.

"आज हवा बरी आहे," एनिडबाई मोठ्यानं म्हणाल्या. बाहेर पाऊस कोसळत होता.

"हो. थोडी दमट आहे," नसरीनबाई तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या.

मी वाजतच होते. पलीकडचा कुत्रा रडायला लागला. नसरीनबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग एनिडबाईंच्या मांडीवरच्या बोटांकडे बघितलं, अर्धवट उठल्या आणि परत बसल्या. दुसऱ्याच्या घरची किटली! एनिडबाई फर्नबद्दल बोलू लागल्या. पाणी संपत आलं, माझा आवाज चिरकला, बुडाला जळका वास सुटला. तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबाई माझ्याशी प्रेमानं बोलल्या.

"ओरड, पोरी," त्या म्हणाल्या. "थांबू नकोस."

नसरीनबाई पुढे झुकल्या. "मिसेस ग्रीनवुड, मी उठू का?"

एनिडबाई भिंतीकडे बघत राहिल्या. तिकडे सगळं शांत.

"ऊठ, बाळ," त्या शेवटी म्हणाल्या. "मला ती उचलता येत नाही. पडल्यापासून माझ्याच घरात मी कुणाला चहा दिलेला नाही."

पाणी पुन्हा भरलं. नसरीनबाईंनी चहादाणी आधी विसळली, न सांगता. तो कप रिकामा होईपर्यंत बटणं, अंघोळ, खालच्या आरामखुर्चीत बसून काढलेल्या रात्री, सगळं बाहेर आलं. फर्नसुद्धा खाली उतरली.

संध्याकाळी म्यूरियलबाई आल्या. म्हणाल्या, "शिट्टी? मला नाही बाई ऐकू आली. कान गेले आता." पोस्टमनचं पाऊल गल्लीच्या टोकाला वाजलं की या दार उघडून उभ्या असतात.

काही आठवड्यांनी निधी मंजूर झाला. एनिडबाईंनी डोरोटा नावाची बाई निवडली. ती सकाळ-संध्याकाळ येते आणि गुरुवारी त्यांना चर्चच्या गाण्याला घेऊन जाते. पहिल्याच दिवशी तिनं चहादाणी न विसळता चहा टाकला. "हिला फार मदत लागते गं," एनिडबाई म्यूरियलबाईंना काळजीनं म्हणाल्या. "बरं झालं, मी घरी आहे."

मदतीबरोबर एक नवी किटलीही आली. विजेवर चालणारी, चौकटीत बसवलेली. न उचलता नुसती कलंडते. एनिडबाई पाहुण्यांना स्वतःच्या हातानं चहा ओततात. माझं बूड त्या दिवशी जळलं, ते शेवटी गेलंच. आता मी खिडकीत असते, पोटात माती आणि पिवळं फुलझाड.

तुमच्याकडे कधी कुणी अशी पाहणी करायला आलं, तर खुशाल पडदे धुवा, केक आणा. पण काठी लपवू नका.

परवा सासूबाईंनी फळीवरून विचारलं, "कशी आहेस?"

"तक्रार नाही," मी म्हटलं.

त्या नुसत्या बघत राहिल्या.

"शिट्टीची फार आठवण येते," मी म्हटलं.

"मलाही," त्या म्हणाल्या.