एका उंचीची पुस्तकं

दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, छापील पुस्तकावर लिहायची खोड होती. वहीत लिहायला सांगितलं की म्हणायचे, "वही कुठंबी हरवती. चूक जिथं हाय तिथंच दुरुस्ती पाह्यजे." सातपुड्यावर जे काही छापून आलं, तिथले सण, देव, गाणी, भिल्लांची बंडं, ते सगळं त्यांनी मिळेल तिथून मिळवलं आणि पानोपानी समासात बारीक पेन्सिलीनं भांडण मांडलं.

नोकरीच तिकडची होती. धडगावच्या वर, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत ते मास्तर. आम्ही इकडे परतूरजवळ, शेती आणि आजी-आजोबा सांभाळत. ते दिवाळीला यायचे आणि उन्हाळ्यात. आई म्हणायची, यांचा संसार तिकडंच आहे, इथं नुसते जेवायला येतात. खोटं नव्हतं. सुटीतही ते ओसरीवर पुस्तकात डोकं घालून बसायचे आणि आम्ही पोरं त्यांच्याभोवती उगीच घुटमळायचो.

पण त्यांची कामाची रीत मात्र न्यारी होती. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर पाड्यावरचे म्हातारे येऊन बसत. दादा त्यांना शहरातल्या पंडितानं त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचे. म्हातारे हसायचे, कधी थुंकायचे, मग खरं काय ते सांगायचे. दादा त्या ओळीच्या बाजूला लिहीत: "खोटं." त्याखाली खरं काय ते, आणि कोणी सांगितलं त्याचं नाव. नाव घालायचंच, असा त्या लोकांचा हट्ट होता. मास्तर, एक दिवस हे सगळं छापा, आमच्या नावानिशी, असं त्यांनी दादांकडून कबूल करून घेतलं होतं. सांगणारे एकेक करून गेले. शब्द तेवढा दादांच्या मानेवर राहिला.

निवृत्त होऊन घरी आले तेव्हा आमच्या भिंतींना वाळवी लागलेली. गावच्या वाचनालयात लोखंडी कपाटं होती, म्हणून सगळी पुस्तकं त्यांनी तिथं दिली. अध्यक्ष काकासाहेबांनी हार घातला, फोटो काढला. दादा म्हणाले, आता निवांत लिहायला बसतो. आज बसतो, उद्या बसतो, करता करता काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले.

मी परतूरला शाळेत शिकवते. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत मीच म्हणाले, "दादा, मी वाचते, तुमी सांगा, मी लिहून काढते." म्हाताऱ्याच्या तोंडावर असं हसू मी लहानपणी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला त्याचा रागही आला. आमच्यासाठी हे कधी आलं नाही. तरी मी पदर खोचून वाचनालयात गेले.

काकासाहेब तिथंच होते, खुशीत. वाचनालयाला 'क' वर्गातून 'ब' वर्ग मिळवायचा होता आणि तपासणी नुकतीच पार पडलेली.

"या बाई, पाहा तरी काय करून ठिवलंय तुमच्या वडलांच्या पुस्तकायचं," म्हणत त्यांनी कपाट उघडलं.

सगळी पुस्तकं तांबड्या रेक्झिनमध्ये बांधलेली. प्रत्येकावर सोनेरी अक्षरं: कै. अण्णासाहेब स्मृती ग्रंथसंपदा. अण्णासाहेब म्हणजे काकासाहेबांचे वडील. त्यांनी जन्मात सातबाऱ्याखेरीज काही वाचलं नव्हतं. आणि सगळी पुस्तकं एका उंचीची, एका रुंदीची.

"लहानमोठी व्हती, कपाट बोळक्या तोंडासारखं दिसायचं," काकासाहेब म्हणाले. "जालन्याहून बाइंडर आणला. त्याला सांगितलं, सगळ्यात बारकं पुस्तक घे, तेबी कडेनं छाट अन् बाकीचे त्याच्या मापात काप. तपासणीवाले साहेब बिलकुल खूष."

मी एक उघडलं. समास नव्हता. बाहेरच्या बाजूला छापील ओळ संपते तिथंच कागद संपत होता. काही ठिकाणी शेवटचं अक्षरही अर्धं. आतल्या बाजूचं लिहिलेलं शिलाईनं गिळलं होतं. कुठं एखादा काना, कुठं वेलांटी, तेवढे दादा शिल्लक. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, एकेक करत सगळी उघडली, तीच गत.

"याच्यावर लिहिलेलं होतं," मी म्हणाले.

"व्हय, गिचमीड व्हती पेन्सिलीची. आयती निघाली. लोकं म्हन्ले असते, वाचनालयाचे पुस्तकं खराब."

"कापलेला कागद कुठं आहे?"

"चिंध्या त्या. चुलीत गेल्या असत्याल." मग माझं तोंड पाहून ते समजुतीनं बोलू लागले. "आम्ही मानच दिला की बाई. तुमच्या दादांचा सत्कार ठेवून राह्यलो. मी सोता वाचलं एक. त्या भोंगऱ्या बाजारात म्हणे पोरं पसंत पडली ती पोरगी उचलून पळवत्यात. भारीच मजा हाय तिकडं." आणि ते डोळा बारीक करून हसले.

माझे हात शिवशिवले. पण बोलून काय होतं? या माणसानं चोरी केली असती तर पोलिसात गेले असते. यानं तर मान दिला होता, रेक्झिनमध्ये बांधून. दादा घरी वाट पाहत होते, म्हणून मी ते भोंगऱ्याचंच पुस्तक काखेत मारून निघाले. रस्ताभर थापा जुळवत होते. पुस्तकं तपासणीला जालन्याला गेलीत म्हणावं. पण रेक्झिनचा वास येणार, आणि नाक शाबूत होतं त्यांचं.

दादा खाटेवर ताठ बसले होते, अंगात धुतलेला सदरा. पुस्तक हातात घेऊन त्यांनी पाठ चाचपली. "नवी बांधणी केली का? बरं केलं. भोंगऱ्याचं पान काढ. तिथून सुरू करू, तिथं लई खोटं लिहिलंय."

मी वाचलं. पोरी पळवण्याचा बाजार, असं छापलेलं, जसंच्या तसं. आणि थांबले.

"अन् बाजूला?"

मी उघडं पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी हात पुढं केला. अंगठा ओळीवरून सरकत पानाच्या कडेला गेला आणि पटकन खाली पडला. पुन्हा आणला, पुन्हा पडला. मग पुस्तक उलटंसुलटं करून त्यांनी चारी कडा चाचपल्या.

"सगळे?"

"सगळे, दादा."

मला वाटलं रडतील, ओरडतील. ते म्हणाले, "कागद घे. लिही. भोंगऱ्या मंजी होळीच्या आधीचा बाजार. होळीचं सामान घ्यायला जात्यात लोकं. पळवापळवी न्हाई. लिहिलं?"

"लिहिलं. कोणी सांगितलं?"

"हे..." दादा थांबले. "काठी टेकत यायचा. एक कान फाटका. त्याची बायको साप चावून गेल्ती. पायरीवर उजवीकडं बसायचा तो." कपाळावर मूठ मारत त्यांनी दोन-तीन नावं घेतली आणि स्वतःच नाही म्हणाले. उन्हं ओट्यावरून उतरली तरी ते तसेच आठवणीशी झगडत होते. आई चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला.

"न्हाई येत," ते शेवटी म्हणाले. "लिहून ठिवलं व्हतं ना मी, म्हणून ध्यानात ठिवलं न्हाई."

मग दुसऱ्या ओळीचं विचारावं म्हणून मी पान उलटलं, तर त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धरला असेल.

"ऱ्हाऊ दे, बाई. नाव न्हाई तं त्या शहरातल्या पंडिताचं अन् माझं सारखंच. मंग तेबी ऐकीवच झालं."