जाड भिंत

दारावर पिवळा कागद चिकटवलेला होता. ‘या घरात राहण्यास मनाई आहे’ असं ठळक अक्षरांत, खाली नगरपालिकेचा शिक्का. आम्ही घर घेतलं ते त्या कागदासकट.

स्वस्त का मिळालं, हे आम्हाला पुरतं माहीत होतं. त्या घरात वर्षानुवर्षं गांजा पिकत होता. तळघरात शेकडो रोपं, त्यांच्यावर दिवसरात्र जळणारे दिवे, खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक. पोलिसांनी रोपं उपटून नेली, ओल तिथेच ठेवली. मग कोणी तरी वरवर रंग मारून ते विकायला काढलं. फ्रेझर नदीच्या खोऱ्यात तेव्हा अशी घरं गल्लोगल्ली होती. आज तोच गांजा बसथांब्यासमोरच्या दुकानात पावतीसकट मिळतो आणि विकणाऱ्या गोऱ्या पोराला लोक उद्योजक म्हणतात. तेव्हा मात्र आम्हा व्हिएतनामी लोकांनी नुसतं फावडं जरी विकत घेतलं तरी दुकानदार दोनदा बघायचा.

समोरचा लॉइड, रिटायर झालेला ट्रक ड्रायव्हर, पहिल्याच दिवशी कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, “परत आलात वाटतं?”

“आम्ही पहिल्यांदाच येतोय. ते वेगळे होते.”

“दिसता तर सारखेच.”

“तुम्ही आणि तुमचा कुत्रा मलाही सारखेच दिसता,” मी म्हटलं. “मी तक्रार केली का?”

माझा नवरा खिएम मला ओढत आत घेऊन गेला. तो लोकांच्या घरांत जिप्समच्या भिंती उभारतो. मी बेरीच्या शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवते. आम्ही दोघं आणि माझी मा अकरा वर्षं दुसऱ्याच्या तळघरात राहिलो. तिथे खिएम सरळ उभा राहिला की डोकं पाइपला लागायचं. मा रात्रभर खोकायची. आम्हाला जमिनीच्या वर राहायचं होतं, बस्स. चांगलं घर आमच्या आवाक्यात नव्हतं. हे होतं.

नगरपालिकेचं पत्र सरळ होतं. ऑक्टोबर संपायच्या आत घरातली हवा तपासून घ्या. बुरशी सापडली नाही तर कागद काढू, सापडली तर घर पाडू, आणि पाडण्याचा खर्चही तुमचाच.

खिएमने तळघराच्या भिंती उचकटल्या. आतला ऊब राखणारा कापूस काळा पडून लोंबत होता. तळघराच्या छतात थाळीएवढी भोकं, त्यांतून वारा खेळवायचे पत्र्याचे नळ वर गेलेले. मीटरच्या आधीच वीज चोरायला पायाच्या भिंतीत खोदलेलं बीळ. आम्ही कामावरून सुटलो की थेट तिथे. तोंडाला मास्क बांधून खरवडायचं, पुसायचं, ओल शोषणारी यंत्रं लावायची, त्यांच्यातल्या बादल्या ओतायच्या.

मा बाहेर गाडीत बसून राहायची. थर्मासमधला चहा पीत. एकदाही आत आली नाही.

“चांगला दिवस आल्याशिवाय नाही,” ती म्हणायची. “नव्या घरात आधी पेटती शेगडी जाते, मग माणूस. रिकाम्या हातांनी कोण जातं?” पॅगोडातल्या भिक्षुणीने तिला तारीखही काढून दिली होती, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. मला हसू यायचं आणि चीडही. आम्ही आत बुरशी गिळतोय, आणि ही मुहूर्त घेऊन बसलीये.

हवा तपासायला मार्जोरी नावाची उंच बाई आली. प्रत्येक खोलीत तिने एक छोटी पेटी ठेवली, ती गुरगुरत हवा ओढायची. पहिल्या वेळी घर नापास झालं, ते आम्ही धरूनच चाललो होतो. दुसऱ्यांदाही नापास झालं तेव्हा खिएम पायरीवर मटकन बसला.

“तळघर स्वच्छ आहे,” मार्जोरी म्हणाली. “इतकं साफ तळघर मी पाहिलेलं नाही. पण वरच्या मजल्यावर बुरशीचे कण प्रचंड आहेत. कुठून येतात ते मला सापडत नाही.”

“वरचं सगळं उघडलंय मी! छतसुद्धा!”

“मी तुमच्या बाजूची आहे, साहेब. पण आकडा मी बदलू शकत नाही. अजून एकदा येते. महिना संपायला बारा दिवस आहेत.”

ती गेल्यावर मी तरातरा गाडीपाशी गेले आणि दार उघडलं.

“बस तुझी शेगडी घेऊन! घर पाडणार आहेत ते. कसला मुहूर्त आणि कसलं काय!”

तिने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट लावलं, मग पुन्हा सैल केलं.

“न्हुंग, कापलेलं कुठे वाळवायचे?”

“काय?”

“झाडं खाली होती ना? मग कापलेली वाळवायचे कुठे? त्याला वेगळी खोली लागते. लहान, खिडकी नसलेली. तशी खोली कुठाय?”

“नाहीये तशी खोली. आणि तुला काय माहीत?”

मा गाडीतून उतरली. सरळ चालत दारापर्यंत गेली, पिवळ्या कागदाकडे न बघता आत शिरली. हातात शेगडी नव्हती आणि पायांत बूट तसेच होते. माझी मा, जी शेजाऱ्याच्या जिन्यातही चपला काढते. ती तळघराकडे वळलीसुद्धा नाही. जिना चढली, वरच्या बोळात उभी राहिली आणि नाक वर करून हवा ओढली. मार्जोरीच्या पेटीसारखीच.

न्हाणीघर आणि मागची झोपायची खोली यांच्यामधल्या भिंतीवर तिने हात ठेवला. मग एका दारातून आत डोकावली, दुसऱ्या दारातून डोकावली, दोन दारांमधलं अंतर वितींनी मोजलं.

“ही भिंत एवढी जाड कशाला?”

“नळ आहेत मा त्यात,” खिएम म्हणाला. “न्हाणीघराचे.”

“नळ आहेत का नदी आहे?”

खिएम भिंतीकडे बघत राहिला. त्याने न्हाणीघरातून पावलं मोजली, मग खोलीतून. त्याचे कान लाल झाले. तो खाली जाऊन पहार घेऊन आला.

दुसऱ्या घावालाच जिप्समची पाटी आत कोसळली आणि तो वास आला. कोंडलेल्या ओल्या कपड्यांचा, त्याखाली काहीतरी गोडसर. आत खोली होती. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी अरुंद, पण लांब. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या, त्यांवर लाकडी चिमटे, एका चिमट्यात वाळकी डहाळी. भिंतींवर बुरशीची काळी लव, बोटभर जाड. खाली एक पालथी बादली, बादलीवर चपटी झालेली उशी. विकणाऱ्याने दार काढून पाटी ठोकली होती, वर रंग. साफ करायचे कष्ट नकोत म्हणून अख्खी खोली गिळून टाकली होती हरामखोराने.

मा त्या बादलीकडे बघत होती.

“उशी मिळाली होती हिला,” ती म्हणाली. “आम्हाला नव्हती.”

मला तेव्हा कळलं. आणि मूर्खासारखं तोंडातून निघालं, “तू तर मशरूमच्या शेडवर जायचीस!”

“मशरूम सुरीने कापतात, पोरी.”

तिने उजवा अंगठा वर केला. त्याच्या बाजूला कात्रीच्या कडीने पडलेला घट्टा. मी तो लहानपणापासून बघत होते. त्याच हाताने तिने माझ्या वेण्या घातल्या होत्या.

“दोन हिवाळे,” ती म्हणाली. “गाडीत मागे बसवायचे, काचा झाकलेल्या. पानं छाटायची, कळ्या दोरीला लावायच्या. कुठलं घर ते कधी कळलं नाही. हेही असेल. आतून सगळी सारखीच.”

“सांगितलं का नाहीस?”

“शाळेत कोणी विचारलं असतं तर तू सांगून मोकळी झाली असतीस. तुझं तोंड तुझ्या ताब्यात असतं का?”

ते खरंच होतं. मला वाटलं आता मी भडकणार. वीस वर्षं हिने माझ्याशी खोटं बोलावं! पण डोळ्यांसमोर बादली होती. ज्यांच्यासाठी ती अशा बादलीवर बसली त्यांनी टेकडीवर बंगले बांधले, पोरांना डॉक्टर केलं, आणि पॅगोडाच्या देणगीच्या फळीवर त्यांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. हिला मिळाला खोकला. ती बादली मी खिडकीतून खाली फेकली.

“अगं, चांगली होती,” मा म्हणाली. “फरशी पुसायला झाली असती.”

खिएम आधी हसला. मग आम्ही सगळेच हसत सुटलो, मास्क न लावता, त्या घाणीत, आणि मग एकदमच खोकायला लागलो.

नऊ दिवसांत ती खोली आम्ही लाकडापर्यंत सोलली. मा आता रोज आत यायची. “इथे राहिलंय,” म्हणायची, आणि जिथे म्हणायची तिथे राहिलेलंच असायचं. खिएम पुटपुटायचा, “पंधरा वर्षं भिंती उभारतोय, आणि भिंत दाखवली सासूने.”

तिसऱ्या तपासणीचा निकाल सांगायला मार्जोरी स्वतः आली. ती सरळ दारापाशी गेली आणि पिवळ्या कागदाचा कोपरा नखाने उचलून टर्रकन ओढला. अर्धा निघाला, अर्धा चिकटून राहिला. मी पायरीवर बसले, आणि खिएम तिचे दोन्ही हात धरून नुसता हलवत राहिला.

लॉइड रस्ता ओलांडून आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने रंग खरवडायची पाती पुढे केली.

“नखाने नाही निघत ते. हे घ्या. परत द्या मात्र.”

मी घेतली. थँक्यूही म्हटलं. जीव गेला नाही माझा.

भिक्षुणीने काढून दिलेल्या दिवशी सकाळी मा दारात उभी राहिली. हातात छोटी गॅसची शेगडी, पेटलेली, वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून खिएमने जाकीट धरलेलं. माझ्याकडे तांदूळ आणि मीठ. तिने चपला काढल्या.

“पण तू तर आधीच आत जाऊन आलीस,” मी म्हटलं. “रिकाम्या हातांनी. बूट घालून.”

“तेव्हा मी कामाला गेले होते. ते धरत नाहीत.”

ती आत गेली. स्वयंपाकघरात शेगडी टेकवली, किटली चढवली. पाणी उकळलं आणि समोरची खिडकी धूसर झाली. काचेवरून ओघळ उतरताना पाहून खिएमने हातातलं सगळं टाकलं आणि धावत जाऊन खिडकी सताड उघडली. मीही ओल पुसायचं फडकं घेऊन धावले.

मा आमच्याकडे बघत राहिली.

“चहा आहे,” ती म्हणाली. “बसा दोघं.”