एका थालीपीठाच्या सतरा बश्या

आमच्या पनवेलच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कुणाचं काही अडलं की शाजियाला हाक जायची. सर्व्हर तिच्याकडे, प्रिंटर तिच्याकडे, आमचे साहेब बळीराम सर, त्यांच्या मोबाइलची रिंगटोनसुद्धा तिच्याकडे. पोरीच्या तोंडून कधी ‘नाही’ निघायचंच नाही. मी मिल्का, हिशेब बघते. मला ‘नाही’ फार छान म्हणता येतं, त्यामुळे माझ्याकडे कुणी फिरकत नाही.

२०११ची ईद झाली आणि शाजियाचा निकाह जवळ आला. तिला धास्ती एकच, सर्व्हरची. द्रोणागिरीकडे निघालेला आपला कंटेनर कुठे पोचला, हे गिऱ्हाइकं त्यावर बघायची. त्याचं सॉफ्टवेअर जुनं, आणि त्यात एक खोट सापडल्याची बातमी नुकतीच आली होती. कुणी मुद्दाम एक वाकडी मागणी पाठवली की सर्व्हर आडवा.

“लग्नाआधी नवं टाकू या, सर.”

“चालतंय ना? मग हात लावू नकोस,” सर म्हणाले. “पडलाच तर तू आहेस.”

“मी मेंदी लावून बसलेली असेन, सर.”

“मेंदीला असा किती वेळ लागतो?”

माझं डोकंच फिरलं. “यांना बोलून कळायचं नाही, दाखव त्यांना,” मी शाजियाला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सर चहाला खाली कॅन्टीनमध्ये येण्याआधी शाजिया तिथल्या स्वयंपाकीण गंगाबाईंसमोर उभी राहिली.

“मावशी, एक थालीपीठ. पहिल्या घासापासून पाचव्यापर्यंत एका बशीत. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत दुसऱ्या बशीत. तिसऱ्यापासून शेवटपर्यंत तिसऱ्या...”

“म्हंजे तेच तुकडे परत परत?”

“हो. आणि सगळ्या बश्या एकदमच द्या.”

“बरं बाय. गिऱ्हाइकाला आमी नाय म्हनत नाय.”

गंगाबाई थापत राहिल्या, शाजिया मागत राहिली. चहाचं भांडं शेगडीवरून खाली आलं, तिथे दुसरा तवा चढला. सर आले तेव्हा सतरा बश्यांनी टेबल भरलं होतं.

“गंगाबाई, माझा चहा?”

“शेगडी रिकामी नाय, सायेब. बश्या पन संपल्या.”

“इतकं गिऱ्हाईक कोण आहे?”

“मी एकटीच, सर,” शाजिया म्हणाली. “आणि मागितलंय एकच थालीपीठ. एकाच फाइलचे तेच तुकडे असे एकदम मागितले की आपला सर्व्हरही असाच पडेल. नवं सॉफ्टवेअर असली मागणी सरळ धुडकावतं.”

सरांनी बश्यांकडे पाहिलं, गार भांड्याकडे पाहिलं. “टाक बाई नवं. पण आधी मला चहा मिळू दे.”

शाजियाने संध्याकाळपर्यंत नवं सॉफ्टवेअर टाकलं. थालीपीठं आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली.

मेंदीच्या दिवशी शाजिया दोन्ही हात कोपरापर्यंत रंगवून बसली होती आणि गंगाबाई तिला भरवत होत्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. सरांचं नाव बघून तिचा चेहराच उतरला. मी फोन स्पीकरवर टाकून तिच्यासमोर धरला.

“सर्व्हर पडला का, सर?”

“छे, झकास चालतोय. तू फक्त कालच्या कोटेशनचं पहिलं पान सांग. मग शेवटचं. मग जमलं तर मधलं...”

शाजियाने माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या कष्टाने तोंड मिटून बसले.

“नाही, सर,” ती म्हणाली. “लग्नानंतर.”

मग सर हसले. “हेही नवं टाकलंस वाटतं?”

मला इतका आनंद झाला की फोन बंद करायचंही भान राहिलं नाही.

“अजून एक घास?” गंगाबाईंनी विचारलं.

“हो,” शाजिया म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.